फक्त मलाच आकडा देणारं यंत्र

सोमवार, ४ तारीख

आज सकाळी सहा वाजता वीतभर यंत्राने मला बेवडा ठरवलं.

बावीस वर्षं गाडी चालवतोय, त्यातली नऊ वर्षं शाळेची बस. एवढ्या वर्षांत कुणाच्या गाडीचा आरसासुद्धा फोडलेला नाही. पण यंत्राला माझी बावीस वर्षं दिसत नाहीत, त्याला फक्त फुंकर कळते. डेपोच्या गेटवर जो हे यंत्र घेऊन बसतो त्याला आम्ही ड्रायव्हर लोक फुंकरबाबा म्हणतो. किल्ली हवी असेल तर आधी त्याच्यासमोर फुंकायचं. आज माझा आकडा आला २८. शाळेच्या बसला शून्यच लागतो.

"काका, मी काय करू? यंत्र म्हणतंय," फुंकरबाबा म्हणाला. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण चेहरा असा की जसा काही न्यायाधीशच. किल्ली ड्रॉवरमध्ये टाकली आणि वहीत माझं नाव लाल पेनने लिहिलं. लाल पेन मुद्दाम आणलेलं असतं त्याने.

काल संध्याकाळी घेतली होती, नाही कोण म्हणतंय? दोन. नेहमीच्या दोन, जेवणाआधी. दिवसभर एक्केचाळीस पोरांचा कालवा ऐकणाऱ्या माणसाला दोनचा हक्क आहे. आणि एकदा झोप झाली की सगळं उतरतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. यंत्राला तेवढं माहीत नाही.

सुनावणी बावीस तारखेला. तोवर घरी बसायचं. तारीखवार विचारतील म्हणून हे लिहून ठेवतोय, नाहीतर मला कुठली आलीय लिहायची हौस.

एक्केचाळीस पोरांत माझी मुलगी पण आहे, आठवीतली. बस वीस मिनिटं उशिरा आली आणि गाडीवर दुसराच माणूस, त्यामुळे मी सांगायच्या आधीच सगळी बातमी तिला कळली. संध्याकाळी घरी आली ती थेट अभ्यासाला बसली. काही विचारलं नाही. गुणी पोर आहे.

मंगळवार, ५ तारीख

बायको औषधांच्या दुकानात काम करते. म्हटलं, घरचाच साक्षीदार आहे तर वापरावा. तिला म्हणालो, "खोकल्याच्या औषधात अल्कोहोल असतं ना? मी परवा घेतलं होतं असं सांगू."

"खोकला झाला होता का तुम्हाला?"

"झाला असता तर घेतलंच असतं की."

ती डबा भरत होती. झाकण लावलं आणि म्हणाली, "मी खोटं लिहून देणार नाही. आणि अशी बाटली आपल्या घरात नाही. घरात कुठल्या बाटल्या आहेत ते मला माहितीये."

बायकांना टोमणे मारायला निमित्तच लागतं.

गुरुवार, ७ तारीख

आज मी यंत्र विकत आणलं! किल्लीच्या जुडग्याला अडकवता येतं एवढंसं. दुकानदार म्हणाला, डेपोच्या यंत्राचंच धाकटं भावंड आहे.

संध्याकाळी घरात प्रयोग. बायकोने फुंकलं, शून्य. मनगटावर अत्तर लावून फुंकलं, ४०! शेजारच्या मास्तरांना बोलावलं. आयुष्यात चहाशिवाय काही न प्यालेला माणूस. नुकतीच दाढी करून, गालाला लोशन लावून आले होते, त्यांना ५५. मास्तर इतके घाबरले की मला म्हणाले, "हे कुठे लिहू नका हं." मुलीने नखांचं पॉलिश पुसायच्या बाटलीजवळ यंत्र धरलं, तर आकडा वर जाऊन अडकला, खाली यायलाच तयार नाही.

सिद्ध झालं. यंत्रं ही जातच मूर्ख आहे. उद्या डेपोची यंत्रं जिथे तपासतात तिथे जाऊन हे त्यांच्या तोंडावर मारतो.

शुक्रवार, ८ तारीख

तोंडावर मारायला गेलो आणि तोंडघशी पडलो.

तपासणीच्या खोलीत एकच बाई. जाड चष्मा, पांढरा कोट, समोर टेबलभर सतरा यंत्रं उघडून ठेवलेली. माझं जुडग्याचं यंत्र हातात घेतलं आणि हसली. "हे खेळणं आहे हो. यात एक तापलेला मणी असतो. त्याला अत्तर, लोशन, थिनर सगळं सारखंच. वास आला की भुंकतो."

"आणि डेपोचं?"

"ते इंधन सेलचं. ते भुंकत नाही, मोजतं."

मग तिने एक उघडं यंत्र माझ्यापुढे सरकवलं. आत शर्टाच्या बटणाएवढी गोल चकती. सच्छिद्र, आम्लात भिजवलेली, दोन्ही अंगांना प्लॅटिनमचा मुलामा. आपण फुंकत राहायचं. सुरुवातीची हवा तोंडातली असते, ती जाऊ देतात. श्वास संपत आला की फुप्फुसाच्या तळातली हवा येते, तेव्हा एक चिमुकला पंप टचकन ठरावीक घोटभर हवा आत ओढतो. त्यात दारू असेल तर ती प्लॅटिनमवर जळते. ज्योत नाही, धूर नाही. जळून तिचं व्हिनेगरमधलं आम्ल होतं आणि जळताना ती वीज सोडते. ही वीज तारेतून चकतीच्या दुसऱ्या अंगाला जाते, तिथे हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पाणी तयार होतं. मधल्या तारेतून किती वीज गेली ते यंत्र मोजतं. दारू जास्त तर वीज जास्त.

"म्हणजे मी फुंकलं की दिवा लागेल?" मी विचारलं.

"तुमचं २८ होतं ना? एवढ्यात काजवापण लाजेल," ती म्हणाली. "पण मोजता येतं."

प्लॅटिनम! माझ्या बायकोच्या अंगावर नाही आणि माझ्या फुंकरीसाठी प्लॅटिनम. बाईचं नाव मी प्लॅटिनमबाई ठेवलंय.

सोमवार, ११ तारीख

पुन्हा गेलो. रविवारभर विचार करून पाच मुद्दे काढले होते.

मुद्दा पहिला, मला साखर असेल तर? साखरेच्या माणसाच्या श्वासाला गोडसर वास येतो म्हणतात. प्लॅटिनमबाई म्हणाली, तो ॲसिटोनचा वास, आणि हा सेल ॲसिटोनला दाद देत नाही. "आणि तुम्हाला साखर आहे?" नाही. पुढचा मुद्दा. कांदा? नाही. पोटातली जळजळ? नाही. बडीशेप? तिने नुसतं चष्म्यावरून पाहिलं.

मग मी हुकमाचं पान टाकलं. डेपोच्या यंत्राची तपासणी कधी झाली होती? तिने रजिस्टर काढलं. मुदत संपून चार महिने झाले होते! मी खुर्चीतून उठलोच. म्हटलं, जिंकलो, यंत्र म्हातारं झालंय, काहीच्या बाही बोलतंय.

"म्हातारं झालंय खरं," ती म्हणाली, "पण या सेलचं म्हातारपण वेगळं असतं. चकती सुकते, प्लॅटिनम थकतं, वीज कमी निघते. जुना सेल बहुतेक वेळा कमी दाखवतो. म्हणजे तुमचे २८ खरे तर तीसच्या वर असतील."

हे मी सुनावणीत सांगणार नाही. तिने सांगू नये एवढीच इच्छा.

मंगळवार, १२ तारीख

बाईने आज कमालच केली. माझ्या रोजच्या हेलपाट्यांना कंटाळून असेल, एक इंधन सेलचं यंत्र मला तीन दिवसांसाठी दिलं. समोरच बाटलीतल्या मोजलेल्या दारूपाण्याच्या वाफेवर तपासलं, हवा तितकाच आकडा आला. फुंकायच्या नव्या नळ्यांचं पाकीट आणि एक तक्ता पण दिला. तक्त्यात कुठल्या वजनाच्या माणसाने लहान, म्हणजे तीस मिलीच्या मापाचं एक घेतलं की आकडा किती चढतो ते आहे. माझ्या वजनाला एकामागे वीसच्या आसपास.

"वेळ घालून लिहा," ती म्हणाली. "शेवटचा घोट आणि फुंकर यांत पंधरा मिनिटं जाऊ द्या, नाहीतर तोंडातलीच मोजाल. घरातल्या सगळ्यांचं घ्या. मग मला सांगा यंत्र कुणाशी वाकडं वागतं."

मला ही बाई आवडायला लागलीय. न्यायाच्या बाजूची आहे.

नोंदी मुलीकडे सोपवल्या. तिचं अक्षर चांगलं आहे आणि शाळेत त्यांना आलेख शिकवतायत.

बुधवार, १३ तारीख

बायको, काल संध्याकाळी सात, शून्य. अत्तर लावून, शून्य. मुलगी, शून्य. मास्तर लोशनसकट, शून्य. (मास्तरांनी यंत्राला नमस्कार केला.) मी सात वाजता, शून्य. मग माझ्या दोन झाल्या, जेवण झालं, दहा वाजता फुंकलं, १४६.

आज पहाटे पाचला ४१, सहाला २६, सातला ११, आठला शून्य.

म्हणजे बघा, यंत्र बिघडलंय ते कसं? सगळ्या जगाला शून्य देतं आणि फक्त मलाच आकडा. असं निवडक बिघडलेलं यंत्र मी आजवर पाहिलेलं नाही.

शुक्रवार, १५ तारीख

आज लिहू नये असं वाटत होतं. पण लिहितो.

दुपारी शाळेतून आल्यावर मुलीने आलेखाचा कागद समोर ठेवला. तीन संध्याकाळींच्या तीन रेघा, तिन्ही एकाच उतारावर खाली येणाऱ्या. "बाबा, बघ ना किती सरळ आल्यात. तासाला पंधरा कमी होतं. रोज तेवढंच. तू झोपलास काय, जागा राहिलास काय, पंधराच."

म्हटलं, छान, पट्टीने काढलीस ना? शाबास.

"मग मी उलटं मोजलं," ती म्हणाली. "चार तारखेला सकाळी सहाला २८. रात्री दहाला म्हणजे आठ तास आधी. आठ पंधरं एकशेवीस, अधिक अठ्ठावीस, एकशे अठ्ठेचाळीस. त्या बाईंच्या तक्त्यात एकाचे वीस आहेत. म्हणून..." पेन्सिल कागदावर टेकवून ती थांबली. "बाबा, यात दोन नाही बसत. सात बसतात."

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. तेरा वर्षांच्या पोरीला म्हणालो, की बापाचे घोट मोजायला शाळेत पाठवलेलं नाही. तिने कागद उचलला नाही. खोलीत गेली. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला त्याचीच जास्त चीड आली.

कागद टेबलावरच आहे. गणित मी तीनदा तपासलं. चूक सापडली नाही. पोरगी हुशार आहे, माझ्यावर गेलीय.

शनिवार, १६ तारीख

यंत्र परत करून आलो. काही विशेष नाही. संध्याकाळी दोन.

मंगळवार, १९ तारीख

मला फुंकरबाबाची नस सापडली!

सकाळी सहाला डेपोसमोरच्या टपरीवर चहा घेत उभा राहिलो आणि गेटवर नजर ठेवली. फुंकायची नळी प्रत्येकाला नवी द्यायची असते. हा पठ्ठ्या एकच नळी सगळ्यांना देतो! आणि प्रत्येकाच्या फुंकरीनंतर कापसाच्या बोळ्यावर हात धुवायचं ते जंतुनाशक घेऊन नळी चकाचक पुसतो. जंतुनाशक कशाचं असतं? अल्कोहोलचं. ओल्याच नळीत पुढचा ड्रायव्हर फुंकतो. बाकी सगळ्यांना शून्य आलं ते नशीब, पण मला काय त्याचं. शिवाय आधी यंत्राला नुसत्या हवेवर शून्य दाखवायला लावायचं असतं, ते तो करत नाही. आकडा आला तर पंधरा मिनिटांनी दुसरी फुंकर घ्यायची, तीही माझी घेतली नाही.

सगळं मोबाइलवर टिपलं. आता बघतो. लाल पेन काय त्यालाच घेता येतं?

शुक्रवार, २२ तारीख

जिंकलो.

टेबलामागे वाहतूक खात्याचे साहेब, एका बाजूला फुंकरबाबा इस्त्रीचा शर्ट घालून, दुसऱ्या बाजूला मी. प्लॅटिनमबाईला साक्षीला बोलावलं होतं. साहेबांनी तिला तीन प्रश्न विचारले. तपासणीची मुदत संपली होती का? हो. ओली नळी असेल तर आकडा येऊ शकतो का? येऊ शकतो. दुसरी फुंकर घेतल्याशिवाय निकाल धरता येतो का? नाही.

"पण साहेब," ती पुढे म्हणाली, "जुना सेल कमी..."

"विचारलं तेवढंच सांगा बाई," साहेब म्हणाले. साहेबांच्या मनगटावर घड्याळ होतं, ते त्याच्याकडे बघत होते.

निकाल रद्द. सोमवारपासून कामावर, शाळेचीच बस. फुंकरबाबाला मेमो, हलगर्जीपणाचा. महिनाअखेर गेटवरून काढून टायरच्या गोदामात. बाहेर पडताना तो फक्त एवढंच म्हणाला, "काका, ती नळी मी तुम्हा लोकांना आजार होऊ नये म्हणून पुसत होतो."

मी खांद्यावर थोपटलं. जिंकलेल्या माणसाला मोठं मन परवडतं.

जिन्यात प्लॅटिनमबाईने गाठलं. पिशवीतून यंत्र काढलं, नवी नळी फोडली. "माझी साक्ष यंत्राबद्दल होती," ती म्हणाली. "तुमच्याबद्दल मला कुणी विचारलंच नाही. सकाळचे दहा वाजलेत. एकदा फुंका, कुठे लिहिणार नाही."

मी म्हणालो, निकाल लागलाय बाई, आता कशाला. तिने नळी पुन्हा पाकिटात घातली आणि जिना उतरून गेली. दहा वाजता शून्यच आलं असतं. तिला पण ते माहीत असणार. तरी मी फुंकलं नाही, का ते सांगता येत नाही.

शनिवार, २३ तारीख

मिठाई आणली. बायकोने एक तुकडा घेतला, देवाच्या प्रसादासारखा, चवीसाठी नाही. मास्तर येऊन अभिनंदन करून गेले.

मुलीला म्हणालो, सोमवारी तुझ्या बापाच्याच बसने जायचं, पुढच्या सीटवर बसवतो.

"मी सोमवारपासून चालत जाणार आहे," ती म्हणाली.

"चाळीस मिनिटं लागतात."

"माहितीये. सहाला निघेन." मग अगदी हळू, "शेजारच्या बिल्डिंगमधल्या दोघींना पण सांगितलंय, माझ्याबरोबर चाला म्हणून. का ते नाही सांगितलं, बाबा. व्यायाम होतो म्हणाले."

मिठाईचा डबा बंद केला. आज मला फार वाईट वाटलं. एवढं वाईट मला निकाल रद्द व्हायच्या आधी कधी वाटलं नव्हतं.

रविवार, २४ तारीख

दुपारी चार. घरात कुणी नाही. बायकोच्या दुकानातलं तीस मिलीचं औषधाचं माप होतं ते काढलं. माझ्या स्टीलच्या पेल्यात रोज जिथवर दारू भरतो तिथवर पाणी भरलं आणि मापाने मोजून काढलं. तीन मापं आणि वर अर्धं. दोन पेले म्हणजे सात.

पुन्हा भरून पुन्हा मोजलं. सातच.

मी कधी खोटं बोललो नव्हतो. दोनच मोजत होतो. पेले मोजत होतो.

संध्याकाळी सात. आज घेणार नाही.

रात्री नऊ. माप कळल्यावर तरी हात आखडेल असं वाटलं होतं. नाही आखडला. पहिला पेला अर्धाच भरला, दुसराही, मग तिसरा, मग मोजणं सोडलं. जेवताना मुलगी म्हणाली, "बाबा, भाजी वाढू?" आणि मी तिच्याकडे बघू शकलो नाही. मला हे थांबवता येत नाहीये. पहिल्यांदा लिहितोय. मला हे थांबवता येत नाहीये.

सोमवार, २५ तारीख

पावणेसहाला डेपोत. गेटवर अजून फुंकरबाबाच होता, महिनाअखेरपर्यंत तोच. आज सगळं नियमाने. यंत्राला हवेवर शून्य दाखवायला लावलं, मला ते शून्य दाखवलं, माझ्यासमोर नव्या नळीचं पाकीट फोडलं. मला घाबरत होता तो.

"लिही," मी म्हणालो, "पंचवीसच्या आसपास येईल."

"काका, आधी फुंका तरी."

फुंकलं. श्वास संपेपर्यंत, तळातली हवा यायला लागेपर्यंत. २७. नियमाप्रमाणे पंधरा मिनिटं बाकावर बसलो, पुन्हा फुंकलं. २३. पोरीच्या रेघेपेक्षा एक-दोननेही इकडेतिकडे नाही.

त्याच्याकडूनच कागद मागितला. लिहून दिलं की चार तारखेचे २८ माझेच होते, ओल्या नळीचे नव्हते, सुनावणीत मी हे लपवलं, फुंकरबाबाचा मेमो मागे घ्यावा. आणि मला बस देऊ नये. खाली सही. पेन तोच पुढे करत होता, लालच होतं, त्याने गडबडीने निळं शोधलं.

प्लॅटिनमबाईला फोन केला. तिच्या ओळखीत दारू सोडवणारे डॉक्टर आहेत का विचारलं. तिने काहीही न विचारता नंबर दिला. बायकोला अजून सांगायचंय. तिला सांगायचं म्हणजे नोकरी गेली हेही सांगायचंय.

परत येताना चौकाच्या अलीकडे तिघी दिसल्या. पाठीवर दप्तरं, पटापट चालत होत्या. माझी मधोमध. मला पाहून थबकली. गणवेशातला बाप, भल्या सकाळी पायी.

"थांब्यावर जाऊन उभ्या राहा," मी म्हणालो. "बस येईल आता. आज गाडीवर मी नाहीये."

तिने मैत्रिणींना पुढे जायला सांगितलं. मग जवळ येऊन विचारलं, "किती आला?"

"सत्तावीस."

तिचे ओठ हलत होते, हिशोब करत होती. मग तिने माझा हात धरला, पाच-सहा पावलं धरून ठेवला, आणि थांब्याकडे पळाली.